तोफ नसलेला रणगाडा

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी बायकोला डिशवॉशरमध्ये ताटं कोणत्या कोनात लावावीत यावर एक छोटंसं व्याख्यान दिलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या शनिवारी तिनं मला गाडीत घातलं आणि डेट्रॉइटजवळच्या आमच्या नोव्हायपासून पाऊण तासावर, एका बंद पडलेल्या विमानतळाच्या शेडपाशी आणून सोडलं. "इथे लोखंड आहे, ग्रीस आहे आणि तुझ्यासारखे आठ-दहा जण आहेत," ती म्हणाली. "चारला न्यायला येते."

माझ्या आयुष्यात रणगाडे आले ते असे.

ते एक लहानसं म्युझियम होतं. म्हणजे अजून आहे. तिथे राबणारे सगळे मोटार कंपन्यांमधून निवृत्त झालेले. कुणी क्लच केलेले, कुणी रंग, कुणी नुसते दरवाजे. मी एकतीस वर्षं ब्रेक केले. एकंदर आम्ही सगळे मिळून एक अख्खी गाडी होतो, फक्त वॉरंटी संपलेली. आमच्या ताब्यात दोन चिलखती गाड्या होत्या, एक उघडी पट्ट्यांवर चालणारी कॅरियर होती, आणि शेडच्या मधोमध ली जातीचा एक रणगाडा होता.

हा ली दिसायला अजब. उंच, तीन मजली, मोठी तोफ एका कुशीत बसवलेली आणि दुसरी लहान तोफ वरच्या फिरत्या मनोऱ्यात. आत सहा-सात माणसं. प्रत्येकाची मागणी मान्य करत करत एखाद्या समितीनं बनवावा तसा. मी समित्यांमध्ये जन्म काढलेला असल्यानं मला तो पहिल्याच दिवशी घरचा वाटला. ही जात डेट्रॉइटजवळच तयार व्हायची. आफ्रिकेच्या वाळवंटात ती लवकरच जुनी ठरली, कारण समोर जर्मन होते. मग तिला ब्रह्मदेशात पाठवलं. तिथे समोर जपानी होते, त्यांचे रणगाडे याहून हलके होते आणि थोडे होते. एकीकडे शिळा झालेला माणूस दुसरीकडे तज्ज्ञ म्हणून जातो, तसं. मला यातही ओळखीचं काही वाटलं.

म्युझियमचा कारभार कारखान्याची हत्यारं नि साचे घडवण्यात जन्म गेलेल्या एका म्हाताऱ्या टूलमेकरच्या हातात होता. वय एक्याऐंशी. एका हाताचा अंगठा एका सांध्यापर्यंतच, पण मायक्रोमीटरशिवाय कागदाची जाडी सांगणारा. बोलणं मोजून. एके शनिवारी त्यानं मला विचारलं, "तू तिकडचा ना?"

"तिकडचा म्हणजे?"

"बर्मा."

मी सांगितलं की मी पुण्याचा, आणि पुण्याहून रंगून म्हणजे इथून मेक्सिकोच्या हद्दीइतकं लांब.

"मग जवळच की," तो म्हणाला. "बोर्ड तू कर."

बोर्ड म्हणजे लीच्या शेजारी लावायचा सहा फुटी तक्ता : ब्रह्मदेशच्या मोहिमेत दोस्त राष्ट्रांकडे कोणकोणत्या जातीचे रणगाडे होते, कधी होते आणि साधारण किती. मी आयुष्यभर तक्ते केले होते, त्यामुळे हे दोन शनिवारांचं काम आहे असं मला वाटलं. पाच महिने लागले.

जाती लावणं सोपं होतं. बेचाळीसच्या माघारीत हलके स्टुअर्ट होते. ते बहुतेक सगळे चिंदविन नदीच्या काठी मोडून टाकून सैन्य पायी पुढे आलं. एक पलीकडे नेता आला. तोच पुढे तीन वर्षांनी, मनोरा काढलेल्या अवस्थेत, आपल्या एका हिंदी रिसाल्याबरोबर परत ब्रह्मदेशात गेला. ही गोष्ट खरी आहे, आणि माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच माणसांपेक्षा त्या यंत्राची चिकाटी मोठी आहे. त्रेचाळीसला आराकानमध्ये मूठभर व्हॅलेंटाइन. मग इंफाळच्या डोंगरांत ली आणि ग्रँट, जिथे रणगाडा चढू शकत नाही असं सगळ्यांचं मत होतं अशा चढांवर. शेवटी, पंचेचाळीसच्या मैदानी लढाईत, शेर्मन.

घोळ होता तो आकड्यांचा. बोटीवर चढवलेले एक, ब्रिगेडच्या दप्तरात असलेले दुसरे, आणि आज सकाळी खरोखर सुरू होणारे तिसरे. मंडळाच्या गणपतीला जेवायला नाव नोंदवणारे, प्रत्यक्ष येणारे आणि जाताना डबा भरून नेणारे यांच्यात जेवढं अंतर असतं, तेवढंच. म्हणून मी एकच मोठी बेरीज द्यायचं नाकारलं आणि प्रत्येक टप्प्याला निरनिराळा रकाना केला.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांना हे आवडलं नाही. त्यांना कुठून तरी बोर्डाचा सुगावा लागला होता आणि त्यांनी उद्घाटन, ढोल-ताशा, दोन झेंडे आणि स्वतःचं भाषण असा कार्यक्रम ठरवून टाकला होता. "एक फिगर द्या ना हो," ते फोनवर म्हणाले. "बोल्डमध्ये. लोकांना टोटल लागते."

"टोटल खोटी असेल."

"पण बोल्ड असेल."

मी सत्याच्या बाजूनं उभा राहिलो. त्याचा मला जरा गर्वही झाला. हे मुद्दाम नोंदवतो, कारण याच तक्त्यात मी त्याच सुमारास एक मोठी चूक करून बसलो होतो आणि ती चूक अध्यक्षांना सात जन्मांत जमली नसती. तिला शिस्त लागते.

आमच्या कारखान्यात रोजच्या अहवालात फक्त फाटकाबाहेर विक्रीला जाणाऱ्या गाड्या मोजायचे. आवारातली ओढगाडी, फोर्कलिफ्ट, बंद पडलेलं ढकलत नेणारा जुना पिकअप, हे मोजायचे नाहीत. ते काम करायचे, पण 'प्रॉडक्शन' नव्हते. एकतीस वर्षांनी डोळ्यांना याचं इतकं वळण पडतं की तसं काही दिसलं तरी दिसत नाही. मी मिळवलेल्या फोटोकॉपींमध्ये, ब्रिगेडच्या तक्त्याखाली, बारीक अक्षरांत एक टीप होती : विशेष प्रकारची वाहने वगळून. मी ती वाचली. बरोबरच आहे म्हटलं, आणि पुढे गेलो.

आता काकू.

काकू म्हणजे आमच्या भागातल्या पहिल्या मराठी डॉक्टरांपैकी. वय चौऱ्याऐंशी. भूलतज्ज्ञ होत्या, "अर्ध्या काउंटीला मी झोपवलंय, आणि बाकीच्या अर्ध्याला मंडळाच्या भाषणांनी" असं त्या म्हणत. मी या देशात उतरलो तेव्हा ओळख ना पाळख, सहा आठवडे त्यांच्या तळघरात राहिलो. माझा पहिला हिवाळी कोट त्यांच्या यजमानांचा. गाडी चालवायला काकूंनी शिकवलं, शेजारी बसून, एकदाही न ओरडता. फक्त मी चुकलो की त्या माझी नाडी बघितल्यासारखं मनगट धरत. माझ्यानंतर त्या तळघरात किती जण राहून गेले कोण जाणे. काका गेल्यावर घर मोठं झालं, गुडघे लहान झाले, आणि आता त्या लेकीकडे कायमच्या, दूर दक्षिणेतल्या कॅरी गावाला चालल्या होत्या. सामान बांधायला मी शनिवार सोडून रोज जात होतो.

तिथेच एका दुपारी मी त्यांना तक्त्याचा कच्चा कागद दाखवला. त्यांनी भिंग काढलं आणि वरपासून खालपर्यंत, एकेका ओळीवर बोट ठेवत, ऑपरेशनच्या आधीचे रिपोर्ट वाचावेत तसा तो वाचला. खालच्या टोकाला पोचल्यावर पुन्हा वर गेल्या.

"अरे, यात पुलाचा कुठाय?"

"कसला पुलाचा, काकू?"

"डोक्यावर पूल असलेला रणगाडा. तोफ नसलेला. आबा त्याच्यावर होते."

आबा म्हणजे त्यांचे वडील. कराडजवळच्या गावचे. गुऱ्हाळांची आणि विहिरींवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करणारे मिस्त्री. लढाईत भरती झाले तेव्हा काकू दोन वर्षांच्या होत्या, परत आले तेव्हा पाचच्या. हे मला माहीत होतं. पुलाचं त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

"कसा होता तो पूल?"

"अडकित्त्यासारखा. घडीचा. आबा दाखवायचे."

मी हसलो नाही. मला हसू आलंही नाही. मी पाच महिने अभ्यास केला होता, आणि अभ्यास केलेल्या माणसाचा आवाज जसा होतो तसा आवाज काढून मी म्हणालो, "काकू, तोफ नसेल तर त्याला रणगाडा म्हणत नाहीत. पूल बांधायचं काम सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअरांचं. लाकडी, लोखंडी, हातानं जोडायचे. आबा त्या तुकडीत असतील. तुम्ही लहान होतात."

"म्हणजे असं काही नव्हतं."

"माझ्या कागदांत नाही."

त्यांनी भिंग पुसून डबीत ठेवलं. "बरं झालं विचारलं," म्हणाल्या, आणि काचेचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळायला लागल्या.

बरं झालं म्हणजे काय, ते मला दहा मिनिटांनी कळलं, त्यांनी भारतात फोन लावला तेव्हा. तिकडे कराडला त्यांचा धाकटा भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक, आठ वर्षं घराण्याचा कुलवृत्तांत जुळवत होता. साडेतीनशे पानं. कोण कुणाचा मुलगा, काय शिकला, कुठे नोकरी केली. आबांच्या नोंदीत एक ओळ टाकायची की नाही यावर बहीण-भावात दोन महिने वाद चालला होता. काकू म्हणत, टाक. भाऊ म्हणे, पुरावा दे. पुस्तक छपाईला जायला आठवडा होता.

"काढ ती ओळ," काकू स्पीकरवर म्हणाल्या. "इथे एक जाणकार आहे, त्यानं सांगितलं. तसा रणगाडा नव्हता."

"मी काय सांगत होतो, ताई? सत्तर वर्षं तेच सांगतोय."

"बरोबर. तूच जिंकलास."

"जिंकण्याचा प्रश्न नाही गं. उद्या कुणी वाचून हसायला नको."

त्यांनी फोन ठेवला. मग त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. गावात आबा परत आल्यावर पारावर रणगाड्याच्या गोष्टी सांगत. लोकांनी विचारलं, तोफ केवढी? आबा म्हणाले, तोफ नव्हती, पूल होता. तेव्हापासून पोरं शाळेत या दोघांना चिडवत : बिनतोफेचा रणगाडा, बिनगोळीची बंदूक. भाऊ रडत घरी आला. "मी पंधराची. शहाणी. पुस्तकं वाचणारी. मीच आबांना म्हटलं, आबा, लोक हसतात, राहू द्या ना ते. त्यांनी राहू दिलं. त्यानंतर तो अडकित्ता त्यांनी फक्त सुपारीला वापरला."

मी पेले गुंडाळत राहिलो. मला तेव्हा त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. स्वतःबद्दल वाटायला अजून चार दिवस होते.

त्या शनिवारी काकूंना म्युझियम दाखवायला नेलं. जाण्याआधी एकदा त्यांना ली बघायचा होता. टूलमेकरनं त्यांना खुर्ची दिली, लीभोवती फिरवून आणलं आणि 'डॉक' म्हणून हाक मारायला सुरुवात केली. त्यांनी त्याचा अंगठा बघून विचारलं, "भूल देऊन काढला की मशीननं?" "मशीननं. फुकट," तो म्हणाला. दोघांचं जमलं.

जेवायची वेळ झाली. शेडच्या मागच्या खोलीत लांब टेबल. मी नेलेले पराठे संपल्यावर काकूंनी पर्समधून पितळी अडकित्ता काढला आणि सुपारी कातरायला घेतली. टेबलावरचे सगळे क्लचवाले, दरवाजेवाले वाकून बघायला लागले.

"डॉक, हे हत्यार कसलं?" टूलमेकरनं विचारलं.

"नट कापायचं. माझ्या वडिलांचं."

त्यानं हात पुढे केला. काकूंनी अडकित्ता दिला. त्यानं तो उघडला, मिटला, बिजागरीवर नख फिरवलं. मग सरळ पूर्ण उघडून, दोन्ही दांडे एका रेषेत आणून टेबलावर आडवा ठेवला. असं कुणी करत नाही. सुपारी कातरायला तो इतका उघडावा लागत नाही.

काकू ताठ बसल्या. त्यांनी दोन कागदी कप उलटे ठेवले, वीतभर अंतरावर. अडकित्ता मिटून एका कपामागे उभा धरला, आणि हळूहळू पुढे कलवत उघडला, असा की एक दांडा अलीकडच्या कपावर टेकला आणि दुसरा पलीकडच्या. "माझे वडील असं करायचे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "हा नाला. हा पूल. पूल टाकायचा, आणि गाडी मागे घ्यायची. सगळे जाऊ द्यायचे. मग आपण जायचं, आणि पलीकडून उचलून घ्यायचा."

टूलमेकरनं त्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. "हा तर ब्रिजलेयर. व्हॅलेंटाइनवरचा. सिझर्स ब्रिज म्हणायचे त्याला," तो म्हणाला. "नाव चुकलंय. कात्रीची बिजागरी मध्ये असते. याची टोकाला असते. यांच्या वडिलांचं बरोबर आहे." आणि मग, "तुझ्या बोर्डावर नाहीये का?"

माझ्या फायली तिथेच कपाटात होत्या. ती फोटोकॉपी काढली. विशेष प्रकारची वाहने वगळून. पान उलटलं. मी ते कधी उलटलंच नव्हतं. पुढच्या पानावर ती विशेष वाहनं होती : दुरुस्तीच्या ओढगाड्या, मनोरे काढलेले रणगाडे, आणि तिसऱ्या ओळीत, थोडेसेच, पूल टाकणारे व्हॅलेंटाइन. रणगाड्याचं धड, तोफ आणि मनोरा काढून टाकलेला, वर तीसेक फुटी घडीचा पूल. इंजिनाच्या जोरावर मळसूत्र फिरणार, घडी उभी राहणार आणि उलगडत पलीकडच्या काठाला टेकणार. ते पाच महिने माझ्याजवळ होते. ज्या पानावरून मी काकूंना 'नाही' सांगितलं, त्याच्याच पाठीमागे.

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. "काकू, चूक माझी."

त्यांनी भिंग काढलं, वाचलं, पुन्हा वाचलं. "फोन लाव," म्हणाल्या.

कराडला रात्रीचे अकरा वाजत आले असावेत. भाऊ झोपेतून उठला. काकूंनी सगळं सांगितलं. मी मध्ये मध्ये माझा गुन्हा कबूल केला.

"अहो, पण परवा तुम्हीच म्हणालात ना, तसा रणगाडा नव्हता म्हणून," मुख्याध्यापक मला म्हणाले.

"मी पान उलटलं नव्हतं."

"शाळेत आम्ही याला काय करतो माहीत आहे?"

"बाकावर उभं?"

"उभं. पूर्ण तास." मग ते बहिणीकडे वळले. "ताई, सोमवारी सकाळी फाइल प्रेसला जातेय. थांबवतो. पण काय लिहू? आबांनी रणगाडा चालवला असं लिहू?"

इथे मी तोंड घातलं, कारण आता मला पुन्हा अतिउत्साहात खोटं बोलायचं नव्हतं. मी सांगितलं की त्या तुकड्यांतले चालक गोरेही असू शकतील. कुणाचीच नावं माझ्याकडे नाहीत. आबा त्यावर होते असं सांगणारा कागद माझ्याजवळ नाही. मी एवढंच म्हणू शकतो : असं यंत्र होतं, त्या मोहिमेत होतं, आणि ज्या माणसानं पुस्तक न वाचता त्याची बिजागरी कुठे आहे ते अडकित्त्यानं दाखवलं, त्यानं ते जवळून पाहिलेलं होतं.

"चालवला असं आबा कधी म्हणालेच नाहीत," काकू म्हणाल्या. "ते तू म्हणायचास, मित्रांना. आबा म्हणायचे, माझी गाडी. मिस्त्री कुठल्याही गाडीला माझी गाडीच म्हणतो. ते तिला तेल घालायचे, मळसूत्रातला चिखल काढायचे. लिही : ब्रह्मदेशच्या मोहिमेत पूल टाकणाऱ्या रणगाड्यावर मिस्त्री. बास. आणि तोफ नव्हती, तेही लिही."

"तेही?"

"तेच लिही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग भाऊ म्हणाला, "अडकित्ता तूच नेलास ताई. मला पोरांना दाखवायला काही उरलंच नाही."

"मी नेला नाही, त्यांनी दिला. विमानतळावर. म्हणाले, तिकडे सुपारी मिळत नसेल, पण असू दे."

"हो. आणि सगळे निघाले तरी ते तिथेच उभे. मला ओढून आणावं लागलं."

ते दोघं मग बराच वेळ बोलले, त्यातलं बरंचसं सुपारीबद्दल होतं. मी आणि टूलमेकर बाहेर जाऊन लीच्या पट्ट्यांना ग्रीस लावत बसलो. "डॉक अडकित्ता म्युझियमला देतील का?" त्यानं विचारलं. मी नंतर विचारून आलो. उत्तर होतं, "मग मी सुपारी कशानं कातरू, त्याच्या अंगठ्यानं?" ते त्याला मी शब्दशः सांगितलं. त्याला ते फार आवडलं.

बोर्ड पुन्हा केला. मला प्रायश्चित्त म्हणून ती ओळ अगदी वर, पहिली घालायची होती, जरा मोठ्या अक्षरांत. नवा कागद काकूंकडे घेऊन गेलो. घर एव्हाना रिकामं होतं. दोन खुर्च्या आणि एक खोकं. त्यांनी वाचलं आणि मान हलवली. "खाली घे. सगळ्यांच्या शेवटी. आणि अक्षर इतरांएवढंच. ती गाडी शेवटीच जायची."

तशी घेतली. 'इतर' असा मथळा मात्र टूलमेकरनं खोडला. "इतर म्हणजे ज्याचं नाव बघायला कुणी उठला नाही ते," तो म्हणाला. ब्रेकच्या धंद्यात एकतीस वर्षांत मला इतकं उपयोगी वाक्य कुणी सांगितलं नव्हतं.

उद्घाटन काकू निघायच्या आदल्या रविवारी झालं. ढोल आले. शेडच्या पत्र्यामुळे एका ढोलाचे चार झाले आणि लीवरचा बराच गंज, जो आम्ही सहा महिने खरवडत होतो, आपोआप खाली पडला. अध्यक्षांना टोटल मिळाली नव्हती, पण पुलाची हकीकत कळली होती, आणि कुठल्याही अध्यक्षाच्या हाती पूल लागला की पुढचं टळत नाही. आपण सगळेच इथे दोन संस्कृतींमधले पूल आहोत, ते म्हणाले. तीन वेळा म्हणाले. पहिल्या रांगेत काकू माझ्या कानाशी पुटपुटल्या, "पुलाखाली नाला असतो, ते नाही सांगत." आणि मग, "याला भूल द्यायला मला चार मिनिटं लागली असती."

मी हसलो, आणि त्याच वेळी मला त्यांच्या तळघरातली खाट आठवली, तिच्या पायथ्याशी घडी घालून ठेवलेलं जास्तीचं ब्लँकेट, आणि एकामागून एक तिथून बाहेर पडून नोकरीला, संसाराला लागलेली माणसं. आज ती निम्मी त्या शेडमध्ये उभी होती, मुलाबाळांसह, ढोल वाजवत. मुलं बोर्डाच्या शेवटच्या ओळीजवळच्या चित्राकडे बोट दाखवत "व्हेअर इज द गन?" असं विचारत होती आणि आया "दॅट वन डिडन्ट हॅव वन" असं सांगत होत्या. त्यांच्यापैकी कुणाला आबा माहीत नव्हते. काकूंनी ते उत्तर दोन-तीनदा ऐकलं. चौथ्यांदा एका मुलीला त्यांनी स्वतःच बोलावून घेतलं, दोन कागदी कप मागितले आणि पर्स उघडली.

मला उपकार मानायचे तर कुणाचे मानू, याचा मी नंतर विचार केला. टीप लिहिणाऱ्या त्या अनामिक कारकुनाचे, ज्यानं युद्धाच्या धामधुमीतही 'वगळून' हा शब्द प्रामाणिकपणे लिहिला आणि पुढच्या पानावर वगळलेलं सगळं दिलं. टूलमेकरचे, ज्यानं वस्तू हातात घेतल्यावर तिचं म्हणणं आधी ऐकलं. आणि काकूंचे, पण ते जुने आहेत, त्यांची यादी करायची झाली तर सहा फुटी बोर्ड पुरणार नाही. मी चुकलो यावर त्यांनी मला एकदाही काही सुनावलं नाही. फक्त निरोपाच्या दिवशी गाडीत बसताना माझं मनगट धरलं, पूर्वीसारखं.

दोन महिन्यांनी कुलवृत्तांत छापून आला. एक प्रत कॅरीला गेली, एक त्यांच्या भावानं मला पाठवली. मी माझ्याच स्वभावाला अनुसरून आधी शुद्धलेखनाच्या चुका शोधल्या, मग आबांचं पान काढलं. जन्म, विवाह, अपत्ये. मग : ब्रह्मदेशच्या मोहिमेत पूल टाकणाऱ्या रणगाड्यावर मिस्त्री. या रणगाड्याला तोफ नव्हती.

एवढंच ठरलं होतं. पण पुढे आणखी एक ओळ होती.

त्याच संध्याकाळी काकूंचा फोन आला. "पान बघितलंस? त्यानं एक वाक्य वाढवलंय. मला न विचारता."

"बघितलं."

"वाच ना. माझं भिंग खोक्यात आहे अजून."

ते खोटं होतं, हे मला माहीत होतं. सामान मीच बांधलं होतं. भिंग त्यांच्या पर्समध्ये होतं, अडकित्त्याशेजारी. मी वाचलं.

"हे ते आम्हां दोघांना अडकित्त्याने करून दाखवीत, आणि मी ते पाहिले आहे."

"पुन्हा वाच," काकू म्हणाल्या.